गुळाची फिल्म, नाकारलेलं पेटंट आणि अपिलाचे तीन महिने

वाचकांचे प्रश्न

ह्या वेळी पेटंटवर आलेली चार पत्रं एकत्र घेतोय. पहिलं पत्र मोठं आहे आणि त्याचं उत्तरही लांबणार, कारण त्यात मुदतीचा प्रश्न आहे आणि ज्यांनी लिहिलंय त्यांच्याकडे फार दिवस उरलेले नाहीत. त्यांना मुख्य गोष्ट मी आधीच फोनवर सांगितलीय, पण बाकीचं तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कामाचं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

प्रश्न १ : सर नमस्कार. पुलाची शिरोलीजवळ आमचं फिल्म ब्लोइंगचं, म्हणजे पॅकिंगची प्लॅस्टिक फिल्म बनवायचं छोटं युनिट आहे, वडिलांनी चालू केलेलं, दोन मशीन आहेत. पावसाळ्यात पॅक केलेल्या गुळाला पाणी सुटतं ही मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांची कायमची तक्रार, म्हणून आम्ही दोन वर्षं ट्रायल घेऊन एक फिल्म बनवली. एलएल आणि एलडीच्या (पॉलिथिनचे दोन प्रकार) दाण्यात ईव्हीए (एक मऊ प्लॅस्टिक) आणि बारीक टाल्क (खनिजाची पूड), एवढंच. पण ह्या फिल्ममधला गूळ जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोरडा राहतो आणि सीलपण मस्त बसतं. एजंटकडून पेटंटचा अर्ज केला. क्लेम, म्हणजे ज्यावर हक्क मागितलाय ते, असा की ईव्हीए ५ ते २० टक्के, टाल्क १ ते १० टक्के आणि बाकी एलएल-एलडी. कंट्रोलरनं (पेटंट ऑफिसातल्या अधिकाऱ्यानं) तो नाकारला. म्हणणं असं की डी-१ ह्या जुन्या परदेशी पेटंटमध्ये एलएल-एलडी-ईव्हीएची फिल्म आहे आणि त्यात ईव्हीए २ ते ३० टक्के आहे, डी-२ मध्ये टाल्क घातल्यावर पॉलिथिनमधून ओलावा कमी जातो असं लिहिलंय, मग दोन्ही एकत्र करणं ह्या धंद्यातल्या कुणालाही सुचलं असतं, शिवाय हे नुसतं मिश्रण आहे. पाच पानांची ऑर्डर, त्यात साडेचार पानं आमचेच क्लेम आणि डी-१ डी-२ चे उतारे. ऑर्डर येऊन सहा आठवडे झाले. आमच्यासारखी फिल्म जगात कुणी बनवली नव्हती हे तर कंट्रोलरपण मान्य करतो, मग नाकारलं कसं? धाकटा भाऊ म्हणतो सोडून दे, त्या पैशात नवीन डाय येईल. अपील करावं का? सोबत अर्जाची झेरॉक्स जोडलीय.
– एक वाचक, शिरोली

उत्तर : दादा, आधी तारीख. ऑर्डरवर जी तारीख छापलीय तिथपासून तीन महिन्यांत अपील दाखल व्हायला लागतं, पेटंट कायद्याचं कलम ११७-ए. म्हणजे तुमचे साधारण सहा आठवडे उरलेत. कंट्रोलरकडेच फेरविचार मागायचाही एक रस्ता असतो, फॉर्म २४ भरून, पण त्याची मूळ मुदत एक महिन्याची, ती उलटलीय. हायकोर्ट उशीर माफ करू शकतं हे खरं, पण त्या भरवशावर एक दिवससुद्धा बसू नका. २०२१ च्या एप्रिलपर्यंत ही अपिलं आयपीएबी नावाच्या ट्रिब्युनलकडे जायची, ते बरखास्त झालं, तेव्हापासून थेट हायकोर्टात. तुमच्यासाठी बॉम्बे हायकोर्ट. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या कोल्हापुरात सर्किट बेंच चालू झालंय म्हणून बरेच जण मला विचारतात की पेटंटचं अपील इथंच टाकता येईल का, तर कुठल्या रजिस्ट्रीत दाखल करायचं हे वकिलाकडून पहिल्याच आठवड्यात खात्री करून घ्या आणि मगच पेपर बांधा, कारण चुकीच्या खिडकीवर घालवलेले दिवस परत मिळत नाहीत.

आता तुमचा मूळ सवाल, जगात कुणी बनवली नाही तरी नाकारलं कसं. नवीन असणं ही एक परीक्षा आणि सहज सुचण्यासारखं नसणं ही दुसरी परीक्षा, आणि दोन्ही पास व्हायला लागतात. कंट्रोलरनं पहिलीत तुम्हाला पास केलंय. दुसरी कलम २(१)(जेए) मध्ये आहे, तिथं म्हटलंय की आधीच्या माहितीपेक्षा तांत्रिक प्रगती पाहिजे किंवा आर्थिक महत्त्व पाहिजे किंवा दोन्ही, आणि त्यामुळे ती गोष्ट त्या कामात मुरलेल्या माणसाला सहज सुचणारी नसली पाहिजे. लोक ‘आर्थिक महत्त्व’ वाचून खूश होतात की आमचा माल यार्डात खपतो म्हणजे झालं. तसं नाही हो. खप दाखवा, जरूर दाखवा, पण वाक्याचा शेवटचा भाग राहतोच, सहज सुचणारं नव्हतं हे वेगळं दाखवायलाच लागतं.

ह्यावर आपल्याकडचा जुना आणि अजूनही रोज वापरला जाणारा निकाल सुप्रीम कोर्टाचा आहे, १९७८ च्या डिसेंबरमधला, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. दोन्ही पार्ट्या मिर्झापूरच्या, भांडी बनवणाऱ्या. पेटंट होतं १९५१ चं आणि ते कशाचं होतं तर भांडं लेथवर नीट धरून ठेवायच्या युक्तीचं. उद्यमनगरातल्या कुठल्याही टर्नरला अर्ध्या मिनिटात समजेल असा विषय. कोर्टानं म्हटलं की माहीत असलेले भाग घेऊन त्यात कारागीर आपल्या रोजच्या कौशल्यानं जी सुधारणा करतो ती वर्कशॉपमधली सुधारणा झाली, पेटंटला त्याच्यापेक्षा जास्त काहीतरी लागतं, जुने भाग एकत्र आणले तरी चालेल पण एकत्र आल्यावर त्यातून काहीतरी नवं किंवा नक्की सरस असं निघालं पाहिजे. ते पेटंट रद्द झालं. मला त्या निकालाबद्दल आदर आहे, कारण कारागिराच्या रोजच्या हुशारीवर कुणी एकानं वीस वर्षं कुलूप घालावं हे बरोबर नाही. पण त्याच निकालाचा आधार घेऊन कुठलीही छोटी वाटणारी गोष्ट ‘वर्कशॉप’ म्हणून झटकून टाकली जाते तेव्हा वाईट वाटतं, आणि तुमच्या बाबतीत तसं झालंय का हेच बघायचंय.

मिश्रणाचा मुद्दा म्हणजे कलम ३(ई), नुसत्या मिश्रणाला पेटंट नाही. हे समजायला गुऱ्हाळावर जाऊ. काहिलीत रस उकळताना भेंडीचा चिकट रस घालतात, त्यानं मळी वर येते आणि काढता येते. चुना घालतात तो रसाचा आंबटपणा मारायला. आता एखाद्यानं भेंडीची पूड आणि चुना एका पुडीत भरला आणि दोघांनी आपापलं ठरलेलं काम केलं तर ते कलम ३(ई) मधलं नुसतं मिश्रण, गुणांची बेरीज. पण समजा एका ठरावीक प्रमाणात दोन्ही एकत्र टाकल्यावर मळी निम्म्या वेळात वर आली, जी एकट्या भेंडीनं येत नाही आणि एकट्या चुन्यानं तर येतच नाही, मग ती बेरीज राहिली नाही. तुमच्या फिल्मचा सगळा खटला ह्या एका गोष्टीवर उभा आहे.

आणि इथं कंट्रोलरचं म्हणणं आपण प्रामाणिकपणे ऐकून घेऊया, कारण त्यात दम आहे. एलएलनं फिल्म चिवट होते, टोकदार गोष्ट लागली तरी फाटत नाही. एलडीनं मशीनवर बबल (फिल्मचा फुगा) स्थिर राहतो आणि फिल्म स्वच्छ दिसते. ईव्हीएनं कमी तापमानाला सील बसतं, फिल्म मऊ होते. टाल्कनं फिल्मचे थर एकमेकांना चिकटत नाहीत, शिवाय त्याचे कण चपटे असल्यामुळे ओलाव्याला आरपार जायला वळसे घालत जावं लागतं. ह्यातलं प्रत्येक वाक्य दाणा विकणाऱ्यांच्या डेटाशीटमध्ये सापडतं. तुमचं सील मस्त बसतं हा तर तुमचा मुद्दाच होऊ शकत नाही, ईव्हीए घातल्यावर सील बसणारच. हे अपिलात लिहूच नका, जज साहेबांचा वेळ जाईल आणि चांगला मुद्दा झाकला जाईल.

चांगला मुद्दा कुठला? तो तुमच्या पत्रात नाहीच, मला तो झेरॉक्सच्या पान ६ वर सापडला. तिथं एक वाक्य आहे की नुसता ईव्हीए घातल्यावर ओलावा आत जायचं प्रमाण साध्या एलएल-एलडी फिल्मपेक्षा वाढलं. दादा, हे वाक्य सोन्याचं आहे. ईव्हीएमध्ये व्हिनाइल अ‍ॅसिटेट जितकं जास्त तितकी पाण्याची वाफ फिल्ममधून जास्त जाते, हे शास्त्राला धरूनच आहे आणि धंद्यातल्या माणसालाही माहीत असतं. म्हणजे ज्याला गूळ कोरडा ठेवायचाय तो ईव्हीएपासून लांब पळेल. डी-२ वाचून तो टाल्क घेईल आणि तिथंच थांबेल, डी-१ मधला ईव्हीए त्यात कशाला आणेल? ओलावा अडवायला निघालेला माणूस ओलावा वाढवणारी वस्तू आपणहून टाकतो का, हा प्रश्न ऑर्डरमध्ये कुठंच विचारलेला नाही, शेवटच्या अर्ध्या पानात ‘दोन्ही एकत्र केल्यास सहज सुचेल’ एवढंच आहे.

ह्या जागी तुमचं अपील मजबूत आहे. दिल्ली हायकोर्टानं ३१ मार्च २०२२ ला अ‍ॅग्रीबोर्ड इंटरनॅशनलच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की सहज सुचण्याचं कारण देऊन अर्ज नाकारायचा असेल तर कंट्रोलरनं तीन गोष्टी तपासून लिहिल्या पाहिजेत, आधी काय माहीत होतं, अर्जातला शोध काय आहे आणि त्या माहितीवरून कामातल्या माणसाला तो शोध कसा सुचला असता. हा तिसरा ‘कसा’ नसेल तर नुसता निष्कर्ष चालत नाही. ते प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं गेलं. त्याच्या आधी २०१५ मध्ये रोश विरुद्ध सिप्ला ह्या औषधाच्या खटल्यात दिल्लीच्याच डिव्हिजन बेंचनं (दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानं) पायऱ्या घालून दिल्यात, त्यातली शेवटची माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची, उत्तर समोर ठेवून मागं वळून बघायचं नाही. तुमची फिल्म बघितल्यावर कुणीही म्हणेल ह्यात काय एवढं. ती बघायच्या आधी, अर्जाच्या तारखेला, त्या माणसाच्या टेबलावर काय होतं तेवढंच धरायचं. दिल्लीचे निकाल बॉम्बे हायकोर्टावर बंधनकारक नाहीत, पण तिथं ते वाचले जातात, त्यांना वजन असतं.

पण आता कमजोर बाजू, आणि ही मी अजिबात गोड करून सांगणार नाही. तुमच्या अर्जात टेबल एकच आहे. त्यात साधी फिल्म आणि तुमची फायनल फिल्म, ईव्हीए ८ टक्के, टाल्क ४ टक्के, संपलं. पण क्लेम मागितलाय ईव्हीए ५ ते २० आणि टाल्क १ ते १० साठी. चाचणी एका ठिकाणी आणि मालकी अख्ख्या शेताची. अमेरिकेत २००३ मध्ये पीटरसन नावाच्या अर्जदाराचं अपील ह्याच कारणानं गेलं. त्यांचा निकेलचा मिश्रधातू होता, त्यात रेनियम १ ते ३ टक्के मागितलं होतं, जुन्या पेटंटमध्ये रेनियम ० ते ७ टक्के होतं. कोर्टानं म्हटलं की जुन्या मोठ्या पट्ट्यात तुमचा छोटा पट्टा बसतोय म्हणजे वरवर बघता ते सुचण्यासारखंच, आता त्या पट्ट्यात काहीतरी अनपेक्षित घडतं हे तुम्ही दाखवा, आणि ते पट्टाभर दाखवा. त्यांच्या चाचण्या पूर्ण पट्ट्यासाठी पुरल्या नाहीत. १९५५ च्या अ‍ॅलर प्रकरणापासून तिकडं हेच चालत आलंय, की मुख्य गोष्ट माहीत असताना नेहमीच्या प्रयोगांनी चांगलं प्रमाण शोधून काढणं हा शोध नाही. हे निकाल आपल्याकडे लागू होत नाहीत, पण डी-१ मधला २ ते ३० टक्के आणि तुमचा ५ ते २० टक्के शेजारी ठेवला की समोरचा वकील हेच बोलणार हे तुम्हालाही दिसेल.

म्हणून क्लेम आवळा. कलम ५९ प्रमाणे क्लेम आवळता येतो, सैल करता येत नाही आणि मूळ अर्जात नसलेलं काही नव्यानं घुसवता येत नाही. सुदैवानं तुमच्या अर्जात ‘शक्यतो ईव्हीए ६ ते १० आणि टाल्क ३ ते ५ टक्के’ असं एक वाक्य आहे, ज्यानं लिहिलं त्याचं भलं होवो. तिथंच या. लोकांना वाटतं क्लेम आवळला की आपण हरलो, पण तुम्ही विकता ती फिल्म ८ आणि ४ चीच आहे ना, २० टक्क्यांची फिल्म तुम्ही कधी बनवणारपण नाही, मग त्यासाठी अख्खं पेटंट कशाला घालवायचं.

आणि ते ट्रायल रजिस्टर. तुम्ही फोनवर बोलता बोलता म्हणालात की वडिलांच्या सवयीमुळे प्रत्येक बॅचचं प्रमाण, मशीनचं तापमान आणि रोलचं वजन तारखेसकट लिहिलेलं आहे, त्यात नुसता ईव्हीए घातलेल्या आणि नुसता टाल्क घातलेल्या बॅचेसही आहेत. दादा हे अर्जात का गेलं नाही ह्याचं मला खरंच फार वाईट वाटलं. मिश्रणाच्या पेटंटला चार फिल्म लागतात, साधी, फक्त ईव्हीएची, फक्त टाल्कची आणि दोन्हीची. समजा साध्या फिल्ममधून जाणारा ओलावा १०० धरला, ईव्हीएनं तो ११२ झाला आणि टाल्कनं ९४, तर दोन्ही घातल्यावर कुणीही १०५-१०६ च्या आसपास अंदाज करेल. तिथं जर १०५ आला तर बेरीज झाली, कलम ३(ई), घरी जा. ८० आला तर तिथं काहीतरी घडलंय जे कुणाला अपेक्षित नव्हतं. का घडलं हे सांगता नाही आलं तरी चालतं, घडतं एवढं दाखवायला लागतं. हे आकडे मी समजवायला घेतलेत, तुमचे तुम्ही मोजून घ्या, आणि घरच्या घरी वाटी-गूळ ठेवून मोजलेले नकोत, मान्यताप्राप्त लॅबमधून एएसटीएम ई-९६ किंवा एफ-१२४९ ह्या पद्धतीनं. चारही फिल्म एकाच जाडीच्या घ्या, मायक्रॉन बदलला तर सगळं फुकट. आणि फक्त ८-४ वर न थांबता ६-३ आणि १०-५ ची पण करा, म्हणजे पट्ट्याची दोन्ही टोकं झाकली जातात.

अडचण अशी की अपिलात नवा पुरावा सहज घेत नाहीत, वेगळा अर्ज करून आधी का दिला नाही हे सांगावं लागतं. पण पान ६ वरचं वाक्य मूळ अर्जात आहे, त्यामुळे हा नवा शोध नाही, जे लिहिलं होतं त्याचाच आधार आहे, असं म्हणायला जागा आहे. ते वाक्य नसतं तर मी तुम्हाला भावाचं ऐका म्हटलं असतं.

बहुतेक काय होईल तेही सांगतो म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहील. हायकोर्ट उठून पेटंट देऊन टाकेल असं धरू नका. कारणं नसलेल्या ऑर्डरी बहुतेक वेळा रद्द होऊन परत पेटंट ऑफिसात जातात, पुन्हा सुनावणी होते, आणि तिथं आवळलेला क्लेम आणि चार फिल्मचं टेबल घेऊन उभं राहायचं. कधी कधी कोर्ट स्वतः पेटंट द्यायला सांगतंसुद्धा, ४ नोव्हेंबर २०२२ ला एव्हरी डेनिसनच्या प्रकरणात दिल्ली हायकोर्टानं तसं केलं, वस्तू प्लॅस्टिकचीच होती, कपड्यांना किमतीची चिठ्ठी अडकवायचे फास्टनर. तिथं कोर्टानं एक छान गोष्ट लक्षात घेतली की बदल एवढा साधा होता तर इतकी वर्षं कुणी केला का नाही. तुमच्या डी-१ आणि डी-२ च्या तारखा बघा. दोन्ही जुनी आहेत, यार्डात गुळाला पाणी सुटायची तक्रार त्याहून जुनी आहे, आणि तरी कुणी दोन्ही एकत्र केलं नाही. व्यापाऱ्यांची तक्रारीची पत्रं, परत आलेल्या मालाच्या नोंदी मिळाल्या तर जमवा.

तर माझं मत, अपील करा, पण आवळलेल्या क्लेमसह आणि ओलाव्याचा एकच मुद्दा धरून. लॅबचे चार रिपोर्ट आधी मागवा, त्याचा खर्च वकिलाच्या फीपुढे किरकोळ आहे. आकडे बेरजेचेच आले तर तिथंच थांबा आणि नवीन डाय घ्या, भाऊ काही चुकीचं बोलत नाहीये.

प्रश्न २ : मी कोल्हापुरातच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टच्या वेळी सरांनी सांगितलं की शोध ‘कामातल्या जाणकार माणसाला’ सुचणारा नको. हा माणूस नक्की कोण? प्रोफेसर की मशीनवरचा ऑपरेटर? एकाला जे सुचतं ते दुसऱ्याला नाही सुचत, मग हे ठरवायचं कसं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : हा माणूस खरा नसतोच, कायद्यानं कल्पनेत उभा केलेला आहे. शिरोलीतल्या फौंड्रीचं उदाहरण घे. तिथला मोल्डिंगवरचा एखादा अनुभवी मिस्त्री, ज्याला वाळू हातात घेतली की ओल किती आहे कळतं, त्याच्यात मेटलर्जीचं पुस्तक वाचलेला डिप्लोमावाला मिसळ, आणि त्याला त्या विषयात छापलेली सगळी जुनी पेटंटं वाचायला दे. तो सगळं वाचतो, नेहमीचे प्रयोग करतो, पण त्याला नवीन वेड सुचत नाही. तो प्रोफेसर नाही आणि नवशिका हेल्परपण नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स ह्या गाडीच्या पेडलच्या खटल्यात म्हटलं की ह्या माणसाकडे सामान्य कल्पकताही असते, तो यंत्र नाही, आणि तेव्हापासून तिकडं पेटंट टिकवणं अवघड झालं. युरोपच्या पेटंट ऑफिसात एक फरक करतात तो मला सगळ्यात उपयोगी वाटतो, तो माणूस हे करू शकला असता का हा प्रश्न नाही, त्यानं हे केलंच असतं का हा प्रश्न. करू शकला असता तर काय, कुणीही कशातही काहीही मिसळू शकतो. त्याच्यासमोरची अडचण सोडवायला त्यानं हीच वाट धरली असती असं म्हणायला काही कारण जुन्या कागदात आहे का, ते शोधायचं. वरच्या गुळाच्या फिल्मचं उत्तर परत वाच, तिथं सगळी मारामारी ह्याच्यावरच आहे. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक पान असं लिही की आमच्या आधी लोक कुठल्या बाजूला बघत होते आणि आम्ही दुसरीकडे का गेलो. पुढं पेटंट करायचं ठरलं तर ते पान कामाला येईल.

प्रश्न ३ : आमचं राधानगरी रोडला गुऱ्हाळ आहे. गुळाच्या छोट्या वड्या गुंडाळायला मी आणि जाऊबाईंनी एक खायचं कोटिंग तयार केलंय, प्लॅस्टिक लागतच नाही. मागच्या दिवाळीपासून ओळखीच्या चार गुऱ्हाळांना वापरून बघायला दिलं होतं. आता पेटंट करता येईल का, की उशीर झाला?
– दोघी जावा

उत्तर : ताई, दिवाळी कुठली आणि आजची तारीख कुठली ते आधी मोजा. कलम ३२ मध्ये सवलत आहे, शोधाची वाजवी चाचणी घ्यायला लोकांसमोर वापर करावा लागला आणि वस्तूच अशी होती की तसं केल्याशिवाय कळलं नसतं, तर त्या वापरानंतर एक वर्षाच्या आत अर्ज झाला तर तो वापर तुमच्या विरोधात धरत नाहीत. गुळाचं कोटिंग गुऱ्हाळावरच तपासणार, घरात कसं तपासणार, त्यामुळे तुमची बाजू समजण्यासारखी आहे. पण चाचणी वेगळी आणि विक्री वेगळी. चौघांपैकी कुणाकडून पैसे घेतले असतील, किंवा मोबाईलवर त्याची रेसिपी पाठवली असेल, किंवा एखाद्या महोत्सवात स्टॉल लावून प्रमाण सांगितलं असेल, तर तो भाग वकिलाला लपवू नका. सगळ्या प्रदर्शनांना सूट नाही, केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच आहे.

घाई करा आणि आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका, व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन केला तर सरकारी फी १६०० रुपये आहे, त्यानंतर पूर्ण स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन आणि क्लेम) द्यायला १२ महिने मिळतात. त्या १२ महिन्यांत शिरोलीच्या दादांनी केलं नाही ते करा, प्रत्येक घटक एकटा, आणि मग सगळे मिळून, एकाच वेळी, एकाच हवामानात. खायची वस्तू आहे, त्यामुळे तुमच्यावर तर कलम ३(ई) पहिल्याच पत्रात येणार हे धरून चाला. अर्जदारांत बाई असेल तर लवकर तपासणी मागता येते, फॉर्म १८ए, तुम्ही दोघीच अर्जदार आहात तर त्याचा फायदा घ्या. आणि दोघींचीही नावं घाला, नंतर घरात वाद नको.

प्रश्न ४ : माझा पॅकिंग फिल्मचा अर्ज पब्लिश झालाय, पेटंट अजून मिळालं नाही. शेजारच्या एमआयडीसीतला एकजण सेम फिल्म बनवून विकतोय. नोटीस पाठवू का?
– एक उद्योजक, गोकुळ शिरगाव

उत्तर : पत्र पाठवा, दावा मात्र आत्ता करता येणार नाही. कलम ११ए प्रमाणे अर्ज पब्लिश झाल्याच्या तारखेपासून तुम्हाला पेटंट मिळाल्यासारखे हक्क मानले जातात, पण कोर्टात जाता येतं ते पेटंट मंजूर झाल्यावरच, तेव्हा मागच्या काळाची भरपाईही मागता येते. अर्ज नाकारला गेला तर ह्यातलं काहीच उरत नाही. पत्रात धमकीची भाषा नको, अर्जाचा नंबर, पब्लिश झाल्याची तारीख आणि क्लेमची प्रत एवढंच लिहा, स्पीड पोस्टानं. त्याच्या फिल्मचा एक रोल बिल घेऊन विकत घ्या आणि तारीख टाकून, सील करून ठेवा. शक्य असेल तर लॅबमधून तिचं कंपोझिशन काढून ठेवा, कारण दोन वर्षांनी तो रेसिपी बदलून बसलेला असेल आणि तेव्हा तुमच्या हातात दाखवायला काही नसेल. एक लक्षात असू द्या, पत्र मिळाल्यावर तोही जागा होईल आणि पेटंट मंजूर व्हायच्या आधी कलम २५(१) खाली तुमच्या अर्जाला विरोध टाकू शकतो, तो अधिकार कुणालाही आहे. त्यामुळे तुमच्या तपासणीच्या उत्तराचं काम संपलं नसेल तर आधी ते संपवा, मग पत्राचं बघा.